संमती मागे घेतली की टोकनही बंद पडलं पाहिजे

दुसऱ्या ॲपला आपला डेटा हवा म्हणून त्याच्या हाती पासवर्ड द्यायचा, म्हणजे अख्खं खातंच द्यायचं. त्यावरचा आज रूढ असलेला उपाय 2012 साली ओऑथ 2.0 (आरएफसी 6749 हा इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) या रूपात आला: पासवर्डऐवजी टोकन, म्हणजे प्रवेशाची तात्पुरती किल्ली, तेही ठरावीक कामापुरतं आणि ठरावीक मुदतीचं. टोकन बहुतेक सगळे नीट बसवतात. पण संमतीची नोंद एका टेबलात आणि टोकन दुसऱ्यात, दोघांची एकमेकांशी ओळखदेखही नाही, असं सर्रास दिसतं. वापरकर्ता ‘परवानगी काढा’ दाबतो, टेबलात ‘हो’चं ‘नाही’ होतं आणि डेटा पूर्वीसारखाच वाहत राहतो. म्हणून बांधणी संमतीपासून सुरू करा.

प्रत्येक संमतीची स्वतंत्र ओळ ठेवा आणि तिला स्वतःचा आयडी द्या. त्यात वापरकर्ता, डेटा घेणारं ॲप, स्कोप (कोणत्या डेटाचं काय करता येईल ती मर्यादा), हेतू, दिल्याची वेळ, संपण्याची वेळ, मागे घेतल्याची वेळ आणि स्क्रीनवर दाखवलेल्या मजकुराची आवृत्ती एवढं हवंच. आवृत्तीचा रकाना हमखास राहून जातो. मग वर्षभराने मजकूर बदललेला असतो आणि माणसाने नेमकं कशाला हो म्हटलं होतं, ते कुणालाच सांगता येत नाही. संमती मागे घेतली तरी ओळ पुसू नका, फक्त वेळ भरा.

स्क्रीनवरचा मजकूर असा असावा: ‘या ॲपला तुमच्या मागच्या 30 दिवसांतल्या पावलांची संख्या वाचता येईल. झोप, वजन आणि हृदयाचे ठोके दिसणार नाहीत. परवानगी 90 दिवसांनी आपोआप संपेल.’ काय दिसणार नाही हे लिहिलं की वाचणाऱ्याचा निम्मा संशय तिथेच मिटतो. दोन हेतू असतील तर दोन चौकोन, आणि दोन्ही रिकामे. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असा निकाल युरोपीय न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2019 रोजी दिला आहे. स्कोपही बारीक ठेवा. ‘प्रोफाइल’ नावाच्या एकाच स्कोपमध्ये हळूहळू सगळं शिरतं. ‘पावलं वाचणे’ आणि ‘पावलं लिहिणे’ हे वेगळेच हवेत.

टोकन देण्यासाठी ऑथोरायझेशन कोड (ॲपने टोकनशी बदलून घ्यायचा कोड) आणि पीकेसीई (कोड मागणारं ॲपच तो वटवतंय याची खात्री) ही जोडी वापरा. जानेवारी 2025 च्या आरएफसी 9700 ने थेट पासवर्ड घेऊन टोकन देण्याची पद्धत साफ नाकारली आहे, इम्प्लिसिट (मधला कोड न घेता थेट ब्राउझरच्या पत्त्यातून टोकन देण्याची) पद्धतही टाळायला सांगितली आहे. कोड व्हेरिफायर (ॲपकडचं गुपित) 43 ते 128 अक्षरांचा, चॅलेंज (आधी पाठवायचा त्याचा ठसा) एसएचए-256 ने काढलेलं, ‘प्लेन’ (गुपित जसंच्या तसं पाठवण्याचा) पर्याय बंद. रिडायरेक्ट यूआरआय (कोड ज्या पत्त्यावर परत जातो तो) अक्षरन् अक्षर जुळवा. तिथे तारांकन (‘काहीही चालेल’ अशी खूण) चालवून घेतलं, तर कोड भलत्याच पत्त्यावर जाऊ शकतो. कोड एकदाच चालावा. त्याला कमाल दहा मिनिटं सुचवलेली आहेत, पण एक मिनिट सहसा पुरतं.

दिलेल्या प्रत्येक टोकनच्या नोंदीत संमतीचा आयडी लिहा. सगळी मदार याच एका रकान्यावर आहे. टोकन म्हणून 32 बाइटचा यादृच्छिक आकडा घ्या आणि डेटाबेसमध्ये त्याचा फक्त एसएचए-256 हॅश (मूळ आकडा परत काढता न येणारा ठसा) ठेवा. पासवर्डसाठी लागतो तसला मुद्दाम संथ हॅश इथे नको, कारण एवढा आकडा अंदाजाने सापडत नाही. जेडब्ल्यूटी (माहिती आतच भरून सही केलेलं टोकन) वापरणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात घ्या. नेहमीचं सही केलेलं जेडब्ल्यूटी कूटबद्ध नसतं, कुणीही उघडून वाचू शकतं, तेव्हा त्यात नाव, फोन, ईमेल घालू नका. दुसरं, सर्व्हर नुसती सही आणि मुदत तपासत असेल, तर संमती मागे घेतल्याचं त्याला कळतच नाही. त्यामुळे मुदत 5 ते 15 मिनिटांपलीकडे नेऊ नका. आरोग्य किंवा पैशांचा डेटा असेल तर जेडब्ल्यूटीचा मोह सोडून दर वेळी सर्व्हरकडे खातरजमा करणारं साधं टोकनच बरं. त्या खातरजमेचं उत्तर कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) दहा मिनिटं ठेवलंत, तर मात्र पुन्हा तिथेच आलात.

रिफ्रेश टोकन (डेटा आणणाऱ्या ॲक्सेस टोकनची मुदत संपली की नवं मिळवून देणारं) प्रत्येक वापरानंतर बदला. जुनं पुन्हा आलं तर ते चोरीला गेलं असं धरून त्या साखळीतली सगळी टोकनं रद्द करा. यात एक खोच आहे: ॲपमधल्या दोन विनंत्या एकाच क्षणी रिफ्रेश करू लागल्या, तर दुसरी चोर ठरते आणि काही कारण नसताना माणूस बाहेर फेकला जातो. म्हणून ॲपच्या बाजूला रिफ्रेशभोवती लॉक लावा, म्हणजे एका वेळी एकच रिफ्रेश होईल.

डेटा देणाऱ्या सर्व्हरने नुसता स्कोप पाहून भागत नाही. टोकन ज्याचं आहे, मागितलेली नोंदही त्याचीच आहे का, हे प्रत्येक विनंतीला तपासा; नाहीतर पत्त्यातला आकडा बदलून शेजाऱ्याची पावलं दिसतात. टोकन पत्त्यात घालू नका, हेडरमधूनच पाठवा. पत्ते लॉगमध्ये आणि ब्राउझरच्या इतिहासात पडून राहतात.

संमती मागे घेणं डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (सगळं होईल किंवा काहीच नाही) व्हावं: वेळेची नोंद, त्या आयडीची सगळी टोकनं रद्द, कॅश साफ. आधी नेलेला डेटा यामुळे परत येत नाही, त्यासाठी समोरच्या ॲपला पुसण्याचा निरोप वेगळा जायला हवा. आणि रात्रीच्या एक्स्पोर्ट जॉबकडे (डेटा फाइलमध्ये काढणारं, आपोआप चालणारं काम) बघा. तो स्वतःच्या सेवा-खात्यावर चालतो, टोकन मागत नाही, त्यामुळे संमतीचं टेबलही पाहत नाही. गळती इथूनही होते. त्याच्या क्वेरीत संमतीच्या टेबलाशी जोड घाला.

चाचणी अशी घ्या: संमती द्या, ॲक्सेस टोकन बाजूला ठेवा, संमती मागे घ्या आणि तेच टोकन लगेच वापरा. 401 (टोकन अमान्य असल्याचं उत्तर) यायला हवं. जेडब्ल्यूटी असेल तर मुदत संपताच. मग रिफ्रेश करून पाहा, नकार मिळाला पाहिजे. शेवटी एक्स्पोर्ट जॉब हाताने चालवा आणि फाइलमध्ये तो वापरकर्ता शोधा; सापडता कामा नये.