रिमॅप करायचं की नाही, ते बॉनेट उघडून ठरवा

कराडात डिझेल गाड्यांच्या पंप-नोझलचं काम करतोय त्याला बावीस वर्षं झाली. सुरुवातीला टेस्ट बेंचवर एकेका नोझलचा फवारा डोळ्यांनी बघायचो, आता हातात स्कॅनर असतो. हल्ली गाडी लावली की पोरं पहिलं वाक्य तेच बोलतात, "दादा, पिकअप नाही, रिमॅप मारू का?" रिमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची, म्हणजे ईसीयूची, सेटिंग बदलून ताकद वाढवणं. पोरांना मी जे एकेक करून सांगतो, ते इथं लिहून ठेवतोय.

आधी गाडी निरोगी आहे का ते बघा. गेल्या पावसाळ्यात पाटणकडचा एक मुलगा २०१७ ची स्विफ्ट डिझेल घेऊन आला. कुंभार्ली घाटात चार माणसं बसली की गाडी दम टाकते, चिप टाकायचीच, म्हणजे रिमॅप करायचंच, असं तो ठरवूनच आलेला. स्कॅनर लावला तर एकही फॉल्ट कोड नाही. पण लाइव्ह डेटा उघडून गाडी रस्त्यावर काढली, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरचं पॅडल पूर्ण दाबलं, तेव्हा ईसीयू मागत असलेला बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि टर्बोकडून प्रत्यक्ष मिळणारा बूस्ट यांत चांगलंच अंतर दिसलं. इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीचा) होज क्लॅम्पच्या अगदी खाली चिरलेला होता. वरून काहीच कळत नव्हतं, खाली बोट फिरवलं तर तेलकट काजळी हाताला लागली. ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा) उतरवला आणि इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या तोंडात बघितलं, तर काजळी आणि तेलाचा थर बसून वाट जेमतेम अंगठ्याएवढी उरलेली. होज बदलला, मॅनिफोल्ड आणि ईजीआर धुतला, एअर फिल्टर नवा घातला. दोन दिवसांनी त्याचा घाटातूनच फोन आला. रिमॅपचा विषय पुन्हा निघाला नाही.

म्हणून रिमॅपला पैसे देण्याआधी एवढं करून घ्या: टर्बोचे सगळे पाइप, एअर आणि डिझेल फिल्टर, ईजीआर, इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू (प्रत्येक इंजेक्टरचं डिझेल ईसीयू किती कमी-जास्त करतोय तो आकडा) आणि क्लच. क्लच आत्ताच सरकत असेल तर वाढलेला टॉर्क त्याला आठवड्यात संपवतो. आणि स्विफ्टचं ते १.३ लिटरचं इंजिन दोन हजार आरपीएमखाली मुळातच सुस्त आहे, हेही मान्य करा. घाटात एक गिअर खाली टाकला की निम्मी तक्रार मिटते.

सगळं ठीक करूनही ताकद कमी वाटत असेल, तर रिमॅप म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या. ईसीयूच्या आत तक्ते असतात. किती आरपीएमला, किती पॅडलला, किती डिझेल सोडायचं, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) किती, टर्बोने किती हवा दाबायची. त्यातच धुराची मर्यादा सांभाळणारा तक्ता असतो. जेवढी हवा आत आली तेवढंच डिझेल, त्यापुढं नाही. चांगला ट्यूनर हवा आणि डिझेल दोन्ही बेताने वाढवतो. घाईतला ट्यूनर ही मर्यादाच उचलून टाकतो. मग जास्तीचं डिझेल जळत नाही, मागून काळा धूर होऊन निघतं. एक्झॉस्टचं तापमान चढतं, त्याचा मार टर्बो आणि पिस्टनला बसतो. बाजारात मिळणारी छोटी ट्यूनिंग बॉक्स तर मला अजिबात आवडत नाही. रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयूच्या मध्ये बसून ती प्रेशर कमी असल्याचं खोटं सांगते, म्हणून ईसीयू प्रेशर वाढवतो. स्कॅनरवर सगळं नॉर्मल दिसतं आणि इंजेक्टर जास्त दाब सोसत राहतात.

आता पीयूसी, म्हणजे प्रदूषणाची तपासणी. "पीयूसी पास झाली, म्हणजे गाडी नियमात आहे" हे वाक्य मी आठवड्यात दोनदा तरी ऐकतो, आणि ते चूक आहे. डिझेलच्या पीयूसीत गाडी उभी असते, न्यूट्रलमध्ये, इंजिन गरम. सायलेन्सरमध्ये प्रोब घालून पॅडल पूर्ण दाबतात, सोडतात, असं काही वेळा करतात आणि धूर किती प्रकाश अडवतो ते मोजतात. बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला ६५ हार्ट्रिजची (हे धुराचं माप) मर्यादा, बीएस-४ ला ५०. इंजिनवर लोड नसतो, त्यामुळे टर्बो पूर्ण दाबाला येत नाही. घाटात चौथ्या गिअरमध्ये धुराचा लोट सोडणारी गाडी उभ्या जागी सहज पास होऊ शकते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या चाचणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ईजीआर जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडतो. त्यामुळे आतली आच मंदावते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतो. मात्र काजळी थोडी वाढते. म्हणजे ईजीआरला पत्रा मारून तो बंद केला, तर धूर कमी दिसतो आणि पीयूसीचा आकडा उलट सुधारतो. गाडीवाला खूश, मेकॅनिक खूश. पण न दिसणारा वायू कितीतरी वाढलेला असतो, आणि शाळेच्या कोपऱ्यावर उभी असलेली पोरं तो श्वासात घेतात. आमच्या शेडमध्ये ईजीआर धुऊन मिळतो, बंद करून मिळत नाही. त्यापायी गिऱ्हाइकं गेली आहेत, जाऊ देत.

बीएस-६ गाडी असेल, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतरची, तर माझं उत्तर सरळ 'नको' आहे. बीएस-४ डिझेल कारला कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅम होती, बीएस-६ ला ४.५ आहे. नायट्रोजन ऑक्साइड २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आला. हे डीपीएफ (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा फिल्टर) आणि त्याच्या जोडीच्या यंत्रणेमुळे जमतं. घरी एक करून बघा: गाडी थंड असताना पांढरं फडकं सायलेन्सरच्या तोंडात आतून फिरवा. डीपीएफ नीट असेल तर फडकं जवळपास पांढरंच राहतं. काळं झालं, आणि गाडी सेकंडहॅंड घेताय, तर डीपीएफ फोडलाय का किंवा आतून रिकामा केलाय का, ते लिफ्टवर चढवून बघा.

डीपीएफ सारखा चोक होतो म्हणून काढायला येणारे बहुतेक जण रोज चार-पाच किलोमीटर गावातच फिरणारे असतात. काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं, आणि एवढ्या प्रवासात ते येतच नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की हायवेवर एकसारख्या वेगात वीस-तीस मिनिटं चालवा, मध्येच बंद करू नका. तेल कमी राखेचं, कंपनीने सांगितलेलंच घाला. डिपस्टिकवर तेल वाढलेलं दिसलं तर त्यात डिझेल उतरतंय, लगेच बदला.

कायद्याची बाजू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळत नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. नव्या आरसी कार्डावर सीसीबरोबर हॉर्सपॉवर छापलेली असते, एकदा काढून बघा. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आली. प्रदूषणाची मर्यादा मोडली तर कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड. विम्याच्या कंपनीला बदल कळवला नसेल, तर अपघातानंतर क्लेम अडू शकतो. वॉरंटीतल्या गाडीला हात लावणं म्हणजे इंजिनची वॉरंटी सोडून देणं. पिवळ्या पाटीची गाडी तर फिटनेस तपासणीला ठरल्या वेळी उभी राहतेच, तिथं बदल नजरेत येऊ शकतो.

वॉरंटी संपलेली, बीएस-४, निरोगी गाडी आहे आणि तरीही करायचंच आहे, तर आधी आरटीओत आणि विम्याच्या कंपनीत लेखी विचारा. मग ट्यूनरकडे पाच गोष्टी मागा. मूळ फाइल वाचून पेनड्राइव्हवर तुमच्या हातात द्यायची. ईजीआर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला विषारी वायू कमी करणारा डबा), काहीही बंद करायचं नाही. धुराची मर्यादा उचलायची नाही. आधी आणि नंतर, दोन्ही वेळचा लोडवरचा लॉग (स्कॅनरने घेतलेली नोंद) दाखवायचा, बूस्ट आणि रेल प्रेशरसकट. आणि मूळ फाइल परत टाकायचे पैसे वेगळे घ्यायचे नाहीत. "लॉग कशाला, चालवून बघा की" असं म्हणणाऱ्याकडून चावी परत घ्या.

ट्यूनिंगच्या आदल्या दिवशी एका केंद्रावर धुराचा आकडा घ्या, आणि नंतर त्याच केंद्रावर, त्याच मशीनवर, गाडी तेवढीच गरम करून पुन्हा घ्या. मग संध्याकाळी, उन्हं कलल्यावर, ओळखीच्या माणसाला दुचाकीवर मागून यायला सांगून घाट चढा. आरशात तुम्हाला जे दिसत नाही ते त्याला दिसतं. काळा लोट दिसला असं तो म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन जा आणि मूळ फाइल परत टाकून घ्या.