गरोदरपणातली धास्ती आणि रिलॅक्सेशन : या चुका टाळा

धास्ती वाटली की कुणीतरी सांगतंच, ‘दीर्घ श्वास घे.’ सल्ला अर्धाच आहे. मग छाती फुगवून भराभर मोठे श्वास घेतले जातात. थोड्याच वेळात डोकं हलकं होतं, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, आणि घाबरायला नवं कारण मिळतं. होतं इतकंच, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. गरोदरपणात हार्मोन्समुळे तो आधीच थोडा कमी असतो. भर श्वास सोडण्यावर हवा. नाकाने सहज, 3 अंक मोजत श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून 5 किंवा 6 अंकांपर्यंत सावकाश सोडा. मोजण्याचंच दडपण येत असेल तर अंक विसरा. श्वास रोखू नका. कपालभाती, भस्त्रिका सध्या नकोच.

दुसरी चूक शवासनातली. साधारण 20 आठवड्यांनंतर उताणं पडलं की गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. चक्कर, मळमळ, घाम... धास्तीची लक्षणंही हीच, त्यामुळे ‘मला रिलॅक्स होताच येत नाही’ असं वाटून बसतं. कुशीवर वळा, गुडघ्यांमध्ये उशी घ्या.

स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम चांगला, पण पोट वगळून. मूठ 5 सेकंद आवळा, मग 15-20 सेकंद नुसती सैल ठेवा. घाई इथेच होते. पाय ताणताना बोटं पुढे रोखलीत तर पोटरीत गोळा आलाच म्हणून समजा. ती आपल्याकडे ओढा.

डोळे मिटल्यावर काहींची बेचैनी उलट वाढते. मग मिटायचेच कशाला? खिडकीबाहेर पाहत श्वास सोडा, किंवा सरळ फेरी मारून या. आणि हे सगळं पहिल्यांदा ऐन घाबरलेल्या क्षणी करून पाहू नका. रोज निवांत असताना पाच-दहा मिनिटं सवय करा.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रत्येक त्रास ‘टेन्शन’च्या खात्यावर टाकणं. बाळाची हालचाल कमी वाटली, रक्तस्राव झाला, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर व्यायाम करत बसू नका. लगेच डॉक्टरांना गाठा. काळजीने दोन आठवडे झोप उडाली असेल तर तेही सांगा. चिंतेवरच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका.