वक्र साच्यावर अखंड कार्बन तंतू बसवण्याआधीची तयारी

सहा अक्षांच्या रोबोने, ॲल्युमिनियमच्या वक्र साच्यावर, नायलॉनमध्ये मुरवलेला अखंड कार्बन तंतू ज्यांना थरावर थर प्रिंट करायचा आहे, त्यांच्यासाठी ही यादी लिहीत आहे. सपाट पाटावर असा तंतू बसवणारे टेबलावरचे यंत्र मार्कफोर्ज्डने २०१४ साली लोकांपुढे आणले आणि ते तंत्र आता रुळले आहे. पण घुमटासारखा आकार सपाट थरांत कापला, तर त्याच्या पायऱ्या होतात, प्रत्येक पायरीला तंतू तुटतो आणि वक्रतेच्या दिशेने भार आला की तो केवळ प्लॅस्टिकला पेलावा लागतो. म्हणून तंतू पृष्ठभागाला धरूनच न्यायचा. त्यासाठीच्या तयारीतली एकच गोष्ट मागच्या वेळी माझ्याकडून राहिली आणि दोन दिवसांचे काम भंगारात गेले. ती गोष्ट म्हणजे साचा गरम करून मोजणे. पुढे ती वारंवार येईल; ती गाळून वाचू नये.

सुटे नोझल, चिमटा, कटरचे नवे पाते, साचा पुसण्याचे अल्कोहोल, चालू स्थितीतले आपत्कालीन बटण, धूर ओढून घेणारा पंखा या गोष्टींबद्दल वेगळे सांगायला नको.

फिलामेंट, म्हणजे रिळावर गुंडाळलेला नायलॉन-कार्बनचा धागा, वाळवणे मात्र सांगावे लागते, कारण ते झाल्याचे सगळेच सांगतात आणि थोडेच जण करतात. हवेत ५० टक्के आर्द्रता असली, तरी नायलॉन ६ कालांतराने वजनाच्या अडीच ते तीन टक्के पाणी धरते. पुण्याच्या पावसाळ्यात हवा त्याहून कितीतरी ओली असते. रीळ ८० अंशांवर किमान १० तास ठेवावे आणि प्रिंट चालू असतानाही ते कोरड्या, बंद डब्यातूनच पुरवावे. नोझलमधून बारीक तडतड ऐकू आली, तर काम तिथेच थांबवावे. ती पाण्याची वाफ असते आणि तिचे बुडबुडे साच्यावर बसणाऱ्या तंतूच्या पट्टीत पोकळ्या होऊन राहतात.

मार्ग आखताना पृष्ठभाग कुठे बाहेर फुगतो आणि कुठे आत वळतो, हे आधी वेगवेगळे रंगवून घ्यावे. बाहेर फुगलेल्या भागावर तंतूचा ताण त्याला साच्यावर दाबतो आणि आपल्याला मदत करतो. आत वळलेल्या भागात तोच ताण तंतूला वर उचलतो, आणि वक्रतेची त्रिज्या जितकी लहान तितका हा जोर अधिक. अशा ठिकाणी वेग कमी ठेवावा, तंतूचा पुरवठा मार्गाच्या लांबीपेक्षा कणभरही कमी पडू देऊ नये, आणि नोझलची कड व वरचा तापक ठोकळा त्या खळग्यात मुळात मावतो का, हे कागदावर नव्हे तर प्रत्यक्ष आकृतीत तपासावे. पट्टी जागच्या जागी वळवण्याचा मोह टाळावा. वळणाच्या आतल्या बाजूचे तंतू जास्तीचे ठरतात, त्यांना जायला जागा उरत नाही आणि ते उभे राहून सुरकुततात. कटर आणि नोझलचे टोक यांतले अंतर मोजून ठेवावे. त्याहून आखूड पट्टी यंत्राला कापून ठेवताच येत नाही, आणि ही चूक आखणीत पकडली गेली नाही तर ती थेट साच्यावर दिसते.

आता मुख्य गोष्ट. माझा साचा ६४० मिमी लांब आणि मधोमध १४० मिमी उंच होता. डाव्या टोकाला डॉवेल पिनने (जागा पक्की धरणाऱ्या खिळीने) पक्का, उजवीकडे खाचेत सरकता. त्याचे मोजमाप मी संध्याकाळी, २७ अंशांवर, अगदी नेटके घेतले होते. प्रिंट करायचे होते ९५ अंशांवर. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन वाढते. हा आकडा मला पाठ होता, पण त्या दिवशी तो मी वापरला नाही. ६८ अंशांच्या फरकाने साचा लांबीत एक मिलिमीटर वाढला आणि माथा ०.२२ मिमी वर आला. माझा थर होता ०.२ मिमीचा.

घडले असे. नोझलची पहिली उंची मी डाव्या टोकाशी, पिनेजवळ लावली, म्हणजे जिथे साचा सर्वांत कमी हलतो तिथेच. तिथल्या चाचणीच्या पट्ट्या सुरेख बसल्या. लांब पट्टी माथ्यावर आली तेव्हा नोझल घासू लागले, म्हणून मी सगळा मार्ग ०.२ मिमी उचलला. त्याबरोबर डावीकडच्या पट्ट्या चिकटेनाशा झाल्या. नखाने उचलली की अख्खी पट्टी सुटून यायची, आणि तिची खालची बाजू गोलच राहिलेली असायची, म्हणजे नोझलने ती दाबलीच नव्हती. मला वाटले साचा थंड आहे, म्हणून मी तापमान आणखी १० अंश वाढवले, आणि साचा आणखी वाढला. पुढची लांब पट्टी उजव्या उतारावर पोहोचली तेव्हा आधी साच्यावर लावलेल्या, उष्णता सहन करणाऱ्या कॅप्टॉन टेपला चुणी पडली, मग पिंजलेल्या कापसासारखा काळा तंतू नोझलभोवती जमला आणि शेवटी पितळी नोझलची कड चेपली. रोबो, मार्ग, फिलामेंट, सगळे ठीक होते. मोजलेला साचा आणि प्रिंटखालचा साचा मात्र एक नव्हता.

म्हणून साचा गरम करूनच मोजावा. ज्या तापमानावर प्रिंट करायचे त्याच तापमानावर, त्याच पकडीत, वर कॅप्टॉन टेप लावून झाल्यानंतर. हीटर ठरलेल्या अंशावर पोहोचला म्हणजे साचा पोहोचला असे होत नाही. चार कोपऱ्यांवर आणि माथ्यावर थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावून पाचही आकडे स्थिरावेपर्यंत थांबावे. माझ्या साच्याला त्यासाठी सुमारे ५० मिनिटे लागतात आणि ती वाचवण्याचा प्रयत्न मी आता करत नाही. मोजायला बाहेरचे उपकरण आणण्यापेक्षा त्याच रोबोच्या हातात प्रोब, म्हणजे पृष्ठभागाची जागा टिपणारी मोजणी, देऊन निदान ६० बिंदू घ्यावेत. औद्योगिक रोबो एकाच बिंदूवर पुन्हा पुन्हा उत्तम अचूकतेने परततो, पण सांगितलेल्या बिंदूपासून त्याची खरी जागा अर्धा मिलिमीटरही सरकलेली असू शकते. मोजणारा आणि प्रिंट करणारा हात एकच असला, की या चुकीचा बराचसा भाग दोन्हीकडे सारखा येतो आणि कटतो. लेझरने मोजत असाल, तर चकचकीत ॲल्युमिनियमवर त्याचे आकडे भरकटतात, म्हणून तिथे मॅट फवारा लागतो. मिळालेल्या बिंदूंवरून पृष्ठभाग नव्याने बांधावा आणि मार्ग त्यावर पुन्हा उतरवावा. नुसती उंची उचलून भागत नाही, कारण साचा सगळीकडे सारखा वाढत नाही. आखणीतला मूळ आकार या टप्प्यावर बाजूला ठेवावा. नंतर तापमान बदलावेसे वाटले, तर आधीचे मोजमाप रद्द समजावे आणि बदललेल्या तापमानावर पुन्हा मोजावे.

नोझलचेही तेच. टीसीपी, म्हणजे नोझलच्या टोकाची रोबोला दिलेली नेमकी जागा, थंड नोझलवर लावू नये. ४० मिमी लांबीचे पितळ २७ वरून २६५ अंशांवर गेले, की सुमारे ०.१८ मिमी वाढते. ही वाढ साच्याच्या वाढीला सामोरी जाते, म्हणजे दोन्ही मिळून नोझल आणि साच्यामधले अंतरच खातात.

यानंतर तंतू न भरता एक पूर्ण फेरी चालवावी, नोझल ५ मिमी वर ठेवून. नोझल पृष्ठभागाला लंब राहावे म्हणून मनगट सतत फिरत असते, त्यामुळे पाचवा अक्ष शून्याजवळ आला की चौथा आणि सहावा एकदम गरकन वळतात. हे दिसले तर साच्याची मांडणीच थोडी फिरवावी. तंतूची नळी मनगटाभोवती गुंडाळली जाते का, तेही याच फेरीत पाहावे. आणि ही फेरीसुद्धा गरम साच्यावरच. थंड साच्यावर ती सुरळीत झाली, तर त्यातून काहीच कळत नाही.

पहिला थर निम्म्या वेगाने. प्रत्येक पट्टीची सुरुवात क्षणभर दाबून धरावी, नाहीतर सगळी पट्टी मागे ओढली जाते. पुढच्या थरांसाठी मार्ग दर वेळी नव्या पृष्ठभागावर काढावा, जुन्याची नक्कल नको. बाहेर फुगलेल्या भागावर लांबी वाढत जाते आणि पट्ट्यांमध्ये फटी पडतात. मध्येच तासभर थांबावे लागले तर साचा तापलेलाच ठेवावा. थंड झालाच, तर पुन्हा गरम करून निदान दहा बिंदू तपासावेत.

साचा सावकाश थंड करावा. ॲल्युमिनियम प्रिंट केलेल्या भागापेक्षा जास्त आकसते, त्यामुळे फुगलेल्या साच्यावरून भाग सहज सुटतो आणि खोलगट साच्यात मात्र अडकतो. तिथे सुटण्यासाठी उतार आधीच द्यावा. कडा कापताना मास्क घालावा आणि रोबोचे कंट्रोल कॅबिनेट बंद ठेवावे, कारण कार्बनची धूळ वीजवाहक असते. साच्याचे गरम मोजमाप तारीख आणि तापमानासह मार्गाच्याच फाइलमध्ये जपावे.