हेलो ३ मधल्या मास्टर चीफचे कवच फोममधून: माप, काप, सांधा, रंग

फोमचे कवच गेममधल्यासारखे वाटत नाही, तेव्हा बहुतेक जण रंगाला दोष देतात. रंग शेवटच्या आठवड्यात पुन्हा मारता येतो. खांदे अरुंद झाले, हेल्मेट भोपळ्यासारखे झाले किंवा मांडीचे कवच गुडघ्यावर घसरले, तर मात्र सगळे परत कापावे लागते. म्हणून या लेखात मापावर जास्त वेळ घालवला आहे आणि रंगावर कमी.

उदाहरण हेलो ३ या व्हिडिओ गेमचे घेतले आहे, त्याचा नायक मास्टर चीफ जे ‘मार्क ६’ कवच घालतो त्याचे. हा गेम सप्टेंबर २००७ मध्ये आला आणि २०२० पासून पीसीवरही खेळता येतो. त्याचा मोठा फायदा म्हणजे थिएटर मोड. खेळलेला भाग परत लावायचा, हवा तिथे थांबवायचा, कॅमेरा सुटा करून चीफच्या भोवती फिरवायचा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून असे प्रत्येक भागाचे स्थिर फोटो घ्या. काखेखालचा भाग, मांडीची आतली बाजू आणि पाठीवरचा चौकोनी उंचवटा हे फोटो हमखास राहून जातात आणि नंतर तिथेच अडायला होते.

इथे एक गोष्ट आधीच ठरवून टाका. मार्क ६ हेलो २ मध्येही आहे, हेलो ३ मध्येही आणि हेलो ४ मध्येही, पण २०१२ च्या हेलो ४ मध्ये त्याची रचना खूपच बदलली. इंटरनेटवर मिळणारे फुकट नमुने या सगळ्या गेमचे मिसळलेले असतात. हेलो ३ चे हेल्मेट आणि हेलो ४ ची छाती एकत्र आली की जाणकाराला लांबूनही कळते.

मापे

चीफ कवचासकट सात फुटांच्या आसपास आहे. तुम्ही साडेपाच फूट असाल आणि अख्खे मॉडेल उंचीच्या प्रमाणात लहान केले, तर हेल्मेटमध्ये डोके जाणार नाही. डोके काही त्या प्रमाणात लहान होत नाही. म्हणून प्रत्येक भागाचे प्रमाण वेगळे काढायचे: हेल्मेटचे डोक्यावरून, छातीचे खांद्यांच्या रुंदीवरून, हाताच्या कवचाचे मुठीवरून, नडगीचे गुडघा ते घोटा या लांबीवरून. हेल्मेट त्यामुळे शरीराच्या मानाने मोठेच होते. त्याची भरपाई खांद्यांचे भाग थोडे बाहेर काढून, छाती रुंद करून आणि बुटांखाली ५ ते ८ सेंमी जाडीचा तळ लावून होते. हेल्मेटची खालची कड छातीच्या गळ्याला जवळजवळ टेकली पाहिजे. मध्ये मान दिसली की सगळा रुबाब जातो.

पेपाकुरा डिझायनर हे त्रिमितीय मॉडेल उलगडून कागदी नमुने काढणारे सॉफ्टवेअर. त्यात फाइल उघडल्यावर जुळवलेल्या वस्तूची उंची मिलिमीटरमध्ये देता येते. ती देताना फोमची जाडी धरावी लागते आणि नवख्यांचे निम्मे नुकसान इथेच होते. मॉडेलचा पृष्ठभाग म्हणजे कवचाची बाहेरची बाजू. नळीसारखा भाग १० मिमी फोमचा केला, तर आतला घेर बाहेरच्या घेरापेक्षा सुमारे ६३ मिमी कमी होतो, ६ मिमी फोममध्ये सुमारे ३८ मिमी. समजा अंगठा आत दुमडून मुठीचा घेर २७ सेंमी भरला. त्यात २ सेंमी सैलपणा आणि ६ मिमी फोमसाठी ३.८ सेंमी मिळवा, म्हणजे मनगटाकडचे तोंड बाहेरून ३२.८ सेंमी हवे. मनगट मोजून काढलेले कवच हातात जातच नाही, कारण आधी मूठ आत जायला हवी. मांडीचे माप बसून घ्या, बसल्यावर ती फुगते.

घेर जमवला की लांबी जास्त होते, असे बऱ्याचदा होते. अशा वेळी ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल एकाच दिशेने पाच-सात टक्के दाबले तरी नजरेला कळत नाही. त्याहून जास्त दाबले तर गोल खुणा अंडाकृती दिसू लागतात.

नमुना छापताना प्रिंटरमध्ये ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा. पहिल्या पानावर १०० मिमीची रेघ काढून छापा आणि पट्टीने मोजा. ९७ आली तर छपाई थांबवा. ३ टक्के म्हणजे हेल्मेटच्या घेरात दोन-अडीच सेंमी, आणि मग ते कानात अडकते. हेल्मेट आणि एक हात तरी आधी जाड कागदात करून पाहा. एक संध्याकाळ जाते, पण फोम वाचतो.

फोम

हवा तो ईव्हीए फोम. छाती, पाठ, खांदे, मांड्या आणि नडग्यांसाठी १० मिमी, हेल्मेट आणि हातांसाठी ६ मिमी, वरच्या उठावदार पट्ट्यांसाठी २ ते ३ मिमी. पूर्ण कवचाला ६० × ६० सेंमीच्या २० ते २४ तुकड्यांची तयारी ठेवा. त्यात चुकांसाठी जागा आहे.

जाडीपेक्षा घनता महत्त्वाची. दुकानदार ती सांगेलच असे नाही, पण वजनकाटा सांगतो. १० मिमी जाडीच्या ६० × ६० च्या तुकड्याचे वजन ३६० ग्रॅम असेल तर घनता १०० किलो प्रति घनमीटर, १८० ग्रॅम असेल तर ५०. शंभरच्या आसपासचा फोम घासल्यावर गुळगुळीत होतो आणि कडा धरतो. मुलांच्या खोलीत अंथरायच्या पझल मॅट बऱ्याचदा हलक्या असतात. त्या स्वस्त आहेत आणि सरावाला उत्तम, पण त्यांची कड घासताना भुरभुरते. चांगला फोम चपला-बूट बनवणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत ‘ईव्हीए शीट’ म्हणून मिळतो. मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीसारख्या चपलांच्या वस्तीत तो शोधणे ऑनलाइन मागवण्यापेक्षा बरे, कारण हातात घेऊन दाबून बघता येतो.

काप

नमुना फोमवर ठेवून बॉलपेनने आखा. सांध्याच्या दोन्ही कडांवर दर ३-४ सेंमीवर आडव्या खुणा करा. चिकटवताना या खुणा एकमेकींसमोर आणायच्या असतात. त्या नसतील तर लांब सांध्याच्या शेवटी अर्धा सेंमी उरतो आणि तो ओढून बसवला की सगळा भाग पिळतो. प्रत्येक तुकड्यावर त्याचे नाव आणि ‘डावा’ किंवा ‘उजवा’ लिहा. उजव्यासाठी कागद उलटा करायचा. हे विसरल्यामुळे दोन डावे खांदे कापून बसलेले लोक प्रत्येक गावात आहेत.

फोम पाते झपाट्याने बोथट करतो. बोथट पाते कापत नाही, ओढते, आणि कड दातेरी होते. मोडता येणारे कटर वापरा, टोक सढळ हाताने मोडा, जवळ धारेचा दगड असेल तर दर दोन-तीन कापांनंतर पाते त्यावर फिरवा. १० मिमी एका दमात कापू नका. पाते आडवे, कमी कोनात धरून दोन-तीन वेळा ओढा.

गेममधल्या कवचाच्या कडा तिखट दिसतात, त्या तिरप्या कापामुळे. दोन पट्ट्या काटकोनात मिळत असतील तर दोन्हींच्या कडा ४५ अंशांत कापायच्या. पसरट कोनात मिळत असतील तर तिरपेपणा कमी, दोन्हींना सारखा वाटून. तिरपा काप नेहमी आतल्या बाजूने घ्या, म्हणजे बाहेरची रेघ नमुन्याइतकीच राहते. सरळ कापलेल्या कडा एकमेकींना टेकवून कोन केला की बाहेर फट पडते, आणि ती भरता भरता सीलंटची नळीच संपते.

गरम हवा आणि सांधा

चिकटवण्याआधी आकार द्या. हीट गन १०-१५ सेंमी लांब धरून सतत हलवत राहा. फोमचा पृष्ठभाग किंचित चमकला की तो तयार. गुडघ्यावर, बाटलीवर किंवा चेंडूवर वाकवून थंड होईपर्यंत तसाच धरा. सोडायची घाई केली तर तो परत सपाट होतो. धूर दिसला म्हणजे जळाला. खिडकी उघडी ठेवा, तो धूर छातीत घेण्यासारखा नाही. कवचावरच्या बारीक रेघांसाठी फोमच्या निम्म्या जाडीपर्यंत पाते ओढा आणि वरून गरम हवा फिरवा. काप आपोआप उघडून खाच होते.

चिकटवायला रबरी चिकटद्रव्य, म्हणजे चपला दुरुस्त करणारे ज्याला सोल्यूशन म्हणतात ते. फेविकॉल एसआर ९९८ किंवा त्या जातीचे कुठलेही चालते. दोन्ही कडांना पातळ हात द्या. कापलेली कड पहिला हात पिते, म्हणून तो वाळला की दुसरा द्या. मग १०-१५ मिनिटे थांबा. बोट लावल्यावर चिकट वाटले पण बोटाला काही आले नाही की जोडा. ओले असताना जोडलेला सांधा दुसऱ्या दिवशी उघडतो. आधी दोन टोके, मग मधली खूण, मग उरलेले. चुकीचे जोडले गेले तर ओढाताण न करता हीट गनने सांधा गरम करा, तो सुटतो.

कोकणपट्टीवर पावसाळ्यात वेगळीच अडचण येते. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतले पाणी त्यावर बसते. चिकटद्रव्यावर दुधाळ थर दिसला तर ते धरणार नाही. पंख्याखाली काम करा, कडांवरून हीट गन हलकेच फिरवा आणि मगच जोडा.

ग्लू गन मात्र कवचाच्या मुख्य सांध्यांना वापरू नका. एप्रिल-मे मध्ये उन्हात उभ्या गाडीत तो गोंद मऊ होतो आणि कार्यक्रमाच्या जागी पोचेपर्यंत खांदा वेगळा झालेला असतो.

सांध्यांच्या फटी पाण्यावर आधारित ॲक्रिलिक सीलंटने भरा, ओल्या बोटाने सपाट करा. हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉनची नळी तशीच दिसते. ती घेऊ नका, सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि एकदा लागलेले काढणे कठीण. कडा घासायला रोटरी टूलवर १२० नंबरचे सँडिंग ड्रम लावा. वेग जास्त, दाब कमी. कमी वेगात ड्रम फोम ओरबाडतो. धूळ बारीक असते, म्हणून घासताना धुळीचा मास्क हवा. चिकटद्रव्य आणि स्प्रेला तो पुरत नाही, त्यासाठी सेंद्रिय बाष्पाचे फिल्टर असलेला रेस्पिरेटर घ्या.

हेल्मेट

हेल्मेटने सुरुवात करू नका. आधी नडग्या करा, त्यात सांध्याचा हात बसतो आणि चुका कुणाला दिसत नाहीत.

हेल्मेटमध्ये डोक्याभोवती सगळीकडे किमान २ सेंमी जागा हवी, गादी आणि पंख्यासाठी. गेममधल्या हेल्मेटचे मानेकडचे तोंड बहुतेकांच्या डोक्याला लहान पडते. मागचा खालचा तुकडा सुटा ठेवून १० × ३ मिमीच्या निओडिमियम चुंबकांनी बसवा. चिकटवण्याआधी प्रत्येक चुंबकाच्या एकाच ध्रुवावर पेनाने ठिपका करा, नाहीतर तुकडा बसण्याऐवजी ढकलला जातो.

सोनेरी काचेसाठी मोटरसायकलच्या हेल्मेटचा आरशासारखा सोनेरी व्हायझर सर्वात सोपा. कागदी नमुना त्यावर चिकटवून कापा, चारही बाजूंनी १५ मिमी जास्त ठेवा आणि रंगकाम संपल्यावर आतून बसवा. हेल्मेटची आतली बाजू मॅट काळी करा. आत उजेड असला की बाहेरून डोळे दिसतात आणि आतून स्वतःचेच प्रतिबिंब. ४० मिमीचे ५ व्होल्टचे दोन पंखे लावा, एक हवा आत घेणारा आणि एक बाहेर टाकणारा, पॉवर बँकवर. पंख्यांशिवाय थोड्याच वेळात काच धुक्याने भरते.

रंग

सगळे बाह्य भाग आधी हीट गनने एकदा शेकून घ्या, छिद्रे मिटतात. वर प्लास्टी डिपसारखी रबरी कोटिंग, तीन-चार पातळ हात. गाड्यांच्या ॲलॉय चाकांवर मारायला असे स्प्रे मिळतात. पांढरे फेविकॉल पाणी घालून चार-पाच वेळा लावण्याची पद्धत स्वस्त आहे, पण वाकणाऱ्या जागी त्याला तडे जातात आणि घामाने ते मऊ पडते. छातीच्या मधोमध चालेल, कमरेला नाही.

त्यावर पूर्ण चंदेरी रंग. वाळल्यावर कडांवर आणि जिथे खरचटेल तिथे टूथपेस्टचे बारीक ठिपके द्या, मग ऑलिव्ह हिरवा मारा, वाळला की टूथपेस्ट धुवा. खाली धातू दिसतो. खरचटलेल्या खुणा कोपर, गुडघे, खांद्याची पुढची कड अशा आपटणाऱ्या जागीच ठेवा. सगळीकडे सारख्या पसरल्या तर ते भिंतीच्या पोपड्यांसारखे दिसते. शेवटी पाण्यासारखा पातळ काळा ॲक्रिलिक रंग खाचांत सोडून वरून फडक्याने पुसा. हिरव्याची छटा ठरवताना एकाच फोटोवर विसंबू नका, गेममधला उजेड दर टप्प्यात बदलतो. तीन-चार छटा फोमच्या तुकड्यांवर मारून दिवसाच्या उजेडात आणि ट्यूबलाइटखाली बघा.

बांधणी

खाली काळा, अंगाला बसणारा पेहराव. पट्टे २५ मिमी नायलॉनचे, जोडायला क्लिप बकल. मांड्यांचे भाग घट्ट आवळून टिकत नाहीत, चालताना खाली येतात. प्रत्येक मांडीला दोन पट्टे वर न्या आणि आतल्या रुंद कमरपट्ट्यावर टांगा. नडगी मागून उघडी ठेवून वेल्क्रो लावा. पट्टा फोमला नुसता चिकटवला तर ओढ बसल्यावर फोमचा वरचा पापुद्राच निघून येतो. पट्ट्याच्या टोकावर ७-८ सेंमीचा फोमचा चौकोन वरून चिकटवा, म्हणजे ओढ पसरते.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी पूर्ण कवच घालून तासभर घरात फिरा, जिना चढा-उतरा, खाली वाका. जिथे घासते तिथे गुडघ्यामागून आणि मांडीच्या आतून फोम काढा, समोरून तो दिसत नाही. पिशवीत सोल्यूशनची छोटी ट्यूब, कटर, दोन जादा बकल, काळी टेप आणि स्क्रू ड्रायव्हर ठेवा. आणि एक माणूस बरोबर हवाच, कारण हेल्मेट घातल्यावर पायाखालची पायरी दिसत नाही.