फ्लोरा ससून भिशीच्या बायकांना कशी सांगावी

पुण्यात 'ससून' म्हटलं की केसपेपरची रांग डोळ्यांसमोर येते, दुसरं काही नाही. म्हणून त्याच ससून घराण्यातल्या, नवऱ्यामागे मुंबईची पेढी चालवणाऱ्या फ्लोरा ससूनबद्दल सांगायचं असेल तर बायकांना सोफ्यावर बसवून सांगू नका. भिशीचा एक महिना कॅम्पात करा. शनिवार टाळा, तो ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार. उन्हं तापायच्या आत निघा, आणि रिक्षावाल्याला सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, वगैरे सांगत बसू नका. 'लाल देऊळ' म्हणा, मोलेदिना रोडला बरोबर सोडतो.

आत जायचं असेल तर आधी विचारून ठेवा, प्रत्येकीनं ओळखपत्र घ्या. बंदोबस्त कडक असतो. 'आम्ही पुण्याच्याच आहोत हो' असं म्हणून तिथे काही होत नाही. नाहीच सोडलं तरी हिरमुसू नका, सांगायचं ते फुटपाथवर उभं राहूनही सांगता येतं. 90 फुटी लाल मनोरा बाहेरूनच नीट दिसतो.

पहिलं वाक्य खरं बोला: फ्लोरा मुंबईची. पुण्यात आहे ते तिच्या पणजोबांचं, डेव्हिड ससूनचं. बगदादहून आलेला हा व्यापारी 1864 मध्ये पुण्यात वारला आणि त्याची कबर याच आवारात आहे. देऊळ पुरं झालं 1867 मध्ये, त्याच साली ससून हॉस्पिटलही उघडलं. दोन्हींचा आराखडा हेन्री विल्किन्स या एकाच इंजिनिअरचा. इमारतींवर एवढंच पुरे. जास्त बोललात तर बायका कयानी बेकरीच्या बिस्किटांवर येतात.

मग नातं सांगा, कारण तिथे सगळ्या जाग्या होतात. फ्लोराची आई अझीझा, अझीझाचे वडील अब्दुल्ला, अब्दुल्लाचे वडील डेव्हिड. फ्लोराचं लग्न झालं ते डेव्हिडच्याच धाकट्या मुलाशी, सॉलोमनशी. म्हणजे नवरा आजोबांचा सावत्र भाऊ, आणि पणजोबाच सासरे! बोटांवर मोजायला पाच मिनिटं द्या. आमच्या एका मावशींनी पर्समधून पेन काढून वाणसामानाच्या बिलामागे वंशावळ काढली होती. ते झालं की पुढचं कुणी विसरत नाही.

आता मुख्य गोष्ट, इथे घाई करू नका. 1894 मध्ये सॉलोमन गेला. फ्लोरा पस्तिशीच्या आतबाहेर, पदरी तीन मुलं. ती ऑफिसात जाऊन बसली आणि डेव्हिड ससून कंपनीचा मुंबईचा कारभार हाती घेतला. हे ऐकून कुणी 'श्रीमंतांचं काय' म्हणणारच. तेव्हा त्याच काळातलं पुणं आठवून द्या: 1893 मध्ये महर्षी कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्या मुरूड गावानं त्यांना वाळीत टाकलं, आणि 1896 मध्ये विधवांसाठी त्यांनी इथे संस्था काढली. अशा दिवसांत एक विधवा कापसाचे भाव बघत पेढी चालवत होती. पैसा होता हे खरं, पण पैसेवाल्या घरांतल्या किती विधवांना तिजोरीची किल्ली मिळे?

तिला 'दानशूर घराण्याची सून' म्हणून गुंडाळू नका. मला तो शब्दप्रयोगच आवडत नाही. हिशोब कळणारी बाई होती ती. आणि अफूचं स्वतःहून सांगा. ससूनांच्या पैशात चीनला जाणाऱ्या अफूचा मोठा वाटा होता. आपण लपवलं की चहाच्या वेळी कुणीतरी मोबाईलवर शोधून काढतं.

लशीचा प्रसंग हॉस्पिटलच्या गेटबाहेर सांगा. आत घोळक्यानं शिरू नका, तिथे लोक आपल्या विवंचनेत असतात. ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ हाफकिन यानं आधी कॉलऱ्याची लस केली, मग मुंबईत प्लेगची. 10 जानेवारी 1897 ला ती स्वतःलाच टोचून घेतली. लोक सुईला घाबरत, सरकारवर विश्वास नव्हता. तेव्हा फ्लोरानं हाफकिनच्या लशीसाठी दंड पुढे केला, सगळ्यांच्या देखत. चार भाषणांनी झालं नसतं ते त्यानं साधलं. त्याच 1897 च्या 10 मार्चला सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. ही दोन नावं एका दमात घ्या, पण कोण मोठी असला वाद लावू नका.

पुढचं आयुष्य भराभर सांगितलं तरी चालतं. 1901 मध्ये पेढीची लिमिटेड कंपनी झाली आणि ती मुलांना घेऊन लंडनला गेली. हिब्रू, अरामी, अरबी, हिंदुस्थानी येणारी ही बाई धर्मग्रंथांवर पंडितांशी बरोबरीनं बोले. 1924 मध्ये लंडनच्या ज्यूज कॉलेजच्या समारंभात अध्यक्षपदी बसली, त्या खुर्चीवरची पहिली बाई. 1936 मध्ये वारली.

एक घोळ आधीच मिटवून टाका. हॉस्पिटलच्या आवारातलं जेकब ससूनचं नाव घराण्याच्या दुसऱ्या पातीचं, ई. डी. ससून कंपनीवाल्यांचं. फ्लोराच्या पेढीशी ते जोडू नका.

पाय चालत असतील तर शेवटी रास्ता पेठेतलं सुक्कथ श्लोमो सिनेगॉग बाहेरून दाखवा. ते बेने इस्राएलांचं. कोकणातल्या गावांवरून आडनावं घेतलेली, मराठी बोलणारी ही माणसं. ससून बगदादी, त्यांची घरची भाषा अरबी. हा फरक तिथे उभं राहूनच सांगा. कॅम्पात सांगितलात तर रास्ता पेठ येईपर्यंत सगळ्या विसरलेल्या असतात.