चपट्या पाठीची वाणी दिसली की फवारणीची घाई नको

दोन-तीन चांगले पाऊस झाले की झाडोऱ्यालगतच्या वाफ्यांत एक चपटा, बहुपायी जीव फिरताना दिसतो, ती वाणी (मिलिपीड). बरेच जण गोम समजून ती ठेचतात. गोमेच्या प्रत्येक वलयाला पायांची एकच जोडी असते आणि ती चपळ असते. वाणीच्या बहुतेक वलयांना दोन जोड्या, चाल मात्र संथ. ही चपटी वाणी पॉलिडेस्मिडा गणातली. वलयांच्या दोन्ही बाजूंना कंगोरे, पूर्ण वाढीत साधारण 20 वलयं आणि डोळे मुळीच नाहीत.

तिचं मुख्य खाणं कुजका पाला. अंगातली ओल लवकर उडते, म्हणून ती रात्री किंवा ढगाळ हवेत बाहेर पडते. वाफ्यात ती जमली असेल, तर तिथे ओल जास्त आहे आणि काहीतरी कुजतंय, एवढं समजावं.

नुकसान होतं ते उगवत्या बियांचं, कोवळ्या रोपांचं आणि जमिनीला टेकलेल्या फळांचं. कंदात वाणी सापडली तरी भोक बहुधा आधीच दुसऱ्या कुणीतरी पाडलेलं असतं. दोष वाणीच्या माथी!

रोपांच्या बुंध्यापासून आच्छादन चार बोटं मागे सारा. पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत वरची माती सुकते. अर्धवट कुजलेलं खत रोपवाटिकेत घालू नका. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरा, सकाळी उचलून खाली जमलेल्या वाण्या झाडोऱ्यात सोडा. हातमोजे घालाच. डिवचल्यावर यातल्या अनेक जाती हायड्रोजन सायनाइड सोडतात, कडू बदामासारखा वास येतो. प्रमाण थोडं असलं तरी या स्रावाने कातडीवर डाग पडू शकतात आणि डोळ्यांची आग होऊ शकते. बंद बरणीत गोळा करू नका.

हरितगृहात भेटते ती बहुधा ऑक्सिडस ग्रॅसिलिस ही जात. कुंड्या आणि मातीबरोबर ती जगभर पोचली आहे. नवी कुंडी आत नेण्याआधी तळ उलटून बघा.

एखाद्या वर्षी अचानक झुंडी दिसल्या तरी घाबरू नका. जपानच्या जंगलातली एक चपटी वाणी दर 8 वर्षांनी प्रौढ होऊन बाहेर पडते. 1920 मध्ये तिने आगगाड्या अडवल्याची नोंद आहे. त्यानंतर काही वर्षं तिथे तशी झुंड दिसत नाही.

फवारा मातीत लपलेल्यांपर्यंत पोचत नाही, वर फिरणारे मित्रकीटक मात्र मरतात. रोपं रोज कुरतडली जात असतील, तर रात्री बॅटरी घेऊन वाफ्यात बसा. चोर कदाचित गोगलगाय निघेल.