ट्रॅक्टरचं डिफरन्शियल: गॅरेजात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटीआय करून आलेल्या पोराला मी सुरुवातीलाच विचारतो, डिफरन्शियल कशासाठी असतं रे? उत्तर ठरलेलं: 'वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं म्हणून.' बरोबर आहे, पण अर्धंच. गिऱ्हाईक गॅरेजात येतं ते बहुतेक वेळा उरलेल्या अर्ध्यासाठी.

आधी सोपं अर्धं उरकू. मागच्या दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरा. काटकोनात वळलं की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साधारण 2.36 मीटर जास्त चालतं. वळण ऐसपैस घ्या नाहीतर बांधाला चिकटून घ्या, फरक तेवढाच. पटत नसेल तर कागदावर दोन कंस काढून हिशोब करा. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की असती, तर दर वळणाला एक तरी चाक फरफटलं असतं. 1827 मध्ये फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने वाफेच्या गाडीसाठी या रचनेचं पेटंट घेतलं. गाभा आजही तोच आहे.

पिनियन (इंजिनाकडून जोर आणणारा छोटा गिअर) क्राऊनला, म्हणजे मोठ्या गिअरला फिरवतो, क्राऊनला केज (पिंजऱ्यासारखी पेटी) बोल्टने जोडलेला असतो आणि केजच्या आतल्या पिनवर छोटे स्टार गिअर बसतात. त्यांच्या दोन बाजूंना साईड गिअर, आणि तिथून पुढे चाकं. सरळ चालताना स्टार गिअर स्वतःभोवती फिरतच नाहीत, केजबरोबर नुसते गोल जातात. वळताना ते जरा गरकतात. एका बाजूचे जेवढे फेरे कमी, तेवढेच दुसऱ्या बाजूला जास्त. केजचे 100 फेरे झाले की दोन्ही बाजूंची बेरीज 200. एक चाक ठप्प झालं, तर दुसरं एकटंच दुप्पट वेगाने फिरणार.

आता उरलेलं अर्धं. फेरे कमीजास्त होतात, पण जोर दोन्हीकडे सारखाच वाटला जातो. बैलांच्या जुवासारखं समजा: मधोमध बांधलेलं जू, आणि एका बाजूचा बैलच सुटला तर उरलेला कितीही ओढू दे, जू फिरून जाईल, गाडी हलणार नाही. ऊसतोडीच्या दिवसांत ओल्या रानातून ट्रॉली काढताना हेच होतं. एक चाक चिखलात गरागरा फिरतं, दुसरं कोरड्यावर असून गप्प. 'मिस्त्री, इंजिनात दमच राहिला नाही बघा,' असं म्हणत माणूस येतो. इंजिन ठणठणीत असतं. चिखलातल्या चाकाला धरच नाही, मग कोरड्यातल्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो.

इलाज ट्रॅक्टरमध्येच दिलेला असतो. घसरणाऱ्या चाकाच्या बाजूचा ब्रेक हळूच दाबा. त्या चाकाला अडथळा आला की दुसऱ्यालाही जोर मिळतो. तेवढ्याने भागलं नाही तर डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकणारी कळ. बहुतेक ट्रॅक्टरला त्याचा पेडल उजव्या टाचेजवळ असतो. तो चाक जोरात फिरत असताना दाबायचा नाही. क्लच दाबून चाकं थांबवायची, मग लॉक, मग सरळ बाहेर. लॉक लागलेला असताना वळवलं की आतल्या गिअरची वाट लागते. पाय काढूनही लॉक सुटत नसेल तर लाथा घालू नका. एक्सलमध्ये पीळ राहिलेला असतो. क्लच दाबून स्टिअरिंग जरा इकडेतिकडे केलं की बहुतेकदा सुटतो. आणि हो, डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल जोडणारी पट्टी लावलेलीच हवी. वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटतो.

हे वाचून जेवढं कळेल त्यापेक्षा हाताने जास्त कळेल. पुढच्या चाकांना उटी लावा, मागची दोन्ही उचलून स्टँडवर घ्या (नुसत्या जॅकवर नाही), इंजिन बंद, गिअर टाकलेला. एक चाक पुढे फिरवा, दुसरं मागे फिरेल. कोणाला तरी लॉक दाबायला सांगा: दोन्ही चाकं घट्ट.

खरं कसब मात्र कानाचं. ऊं-ऊं आवाज रेस दिल्यावर येतो आणि सोडल्यावर बदलतो, तर संशय क्राऊन-पिनियनवर. फक्त वळताना करकर, तर स्टार गिअर किंवा त्यांचे वॉशर. गाडी जागेवरून निघताना 'ठक्' वाजलं की नवी पोरं लगेच डिफरन्शियल खोलायला धावतात. जीप-टेम्पोवर आधी प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा हलवून बघा. क्राऊन-पिनियन बदलायचे तर जोडीनेच. दातांना मार्किंग ब्लू लावून फिरवा. ठसा दाताच्या मध्यावर उमटला पाहिजे, टोकाला किंवा कडेला नाही. दोघांच्या दातांमधली मोकळीक डायल गेजने मोजा, अंदाजाने नको.

ऑइल काढलंत की ड्रेन बोल्टचं लोहचुंबक बघा. बारीक राखाडी चिकटा चालतो, बोटाला टोचणारे कण नाही. टेम्पोच्या मागच्या एक्सलचं सील सारखं सारखं गळत असेल तर नवं सील ठोकण्याआधी ब्रीदरचं (आतली हवा बाहेर सोडणारं) भोक चिखलाने बुजलंय का पाहा. आतला दाब कोंडला की ऑइल वाट शोधणारच. आणि 'नव्वद नंबर' गिअर ऑइल सगळीकडे ओतू नका. ऑइलमध्ये बुडालेले ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरला वेगळं ऑइल लागतं, ते कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

छोट्या यंत्रांचं थोडक्यात. तीनचाकी रिक्षात मागे दोन चाकं, म्हणजे डिफरन्शियल आलंच. पॉवर टिलरला मात्र बहुतेकदा नसतं. हँडलखाली दोन स्टिअरिंग क्लच असतात, ज्या बाजूचा दाबाल त्या चाकाचा जोर सुटतो आणि यंत्र तिकडे वळतं. तीव्र उतारावर नेमकं उलटं होतं: मोकळं सुटलेलं चाक पुढे पळतं, दुसऱ्याला इंजिन धरून ठेवतं, आणि डावा दाबला की टिलर उजवीकडे जातो. कोकणातल्या उताराच्या खाचरांत टिलर द्यायचा असेल, तर गिऱ्हाइकाला हे तोंडी सांगून थांबू नका, सोबत उतरून दाखवा.